तळ्यातला मासा उलटला, तर आधी वही उघडा

मृगाचे दोन-चार दमदार पाऊस झाले की रायगडातल्या बोर्ली पंचतनच्या आसपासच्या भातखाचरांत पाणी साठते. त्यात कोण कोण असते ते एकदा आठवून बघा. वलगणीला चढून आलेले मासे, रात्रभर ओरडणारे डराव बेडूक, थोड्याच दिवसांत वळवळू लागणारी त्यांची पिल्ले, त्यांच्यावर टपलेली दिवड आणि कधी बांधाच्या कडेला एखादे मऊ पाठीचे कासव. मासा, उभयचर आणि सरपटणारा प्राणी, तिघेही एकाच गुडघाभर पाण्यात. शाळेत आपण यांना वेगवेगळ्या धड्यांत शिकलो. रानाव्हायरस नावाच्या गटातले काही विषाणू मात्र या तिन्ही वर्गांतल्या प्राण्यांना लागतात आणि एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात.

हा लेख मुख्यतः तळी राखणाऱ्यांसाठी आहे: खाजणात जिताडा वाढवणारे, शेततळ्यात तिलापिया किंवा रोहू-कटला सोडणारे. दिवेआगर-हरिहरेश्वरच्या किनाऱ्यावर काम करणारे कासवमित्र, गावोगावचे सर्पमित्र आणि प्राणिशास्त्र शिकणारी मुले यांनाही त्यातले काही उपयोगी पडेल. प्राणी मेला तर काय बघायचे, कशाची नोंद ठेवायची, प्रयोगशाळेत काय पाठवायचे आणि तिकडून आलेला कागद कसा वाचायचा, एवढाच विषय आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. रानाव्हायरस माणसाला होत नाही. या गटातला सर्वाधिक अभ्यासलेला विषाणू साधारण १२ ते ३२ अंश सेल्सिअसमध्ये वाढतो आणि आपले शरीर ३७ अंशांचे असते. पुढे येणाऱ्या इतर विषाणूंनीही माणसाला आजार झाल्याची नोंद नाही. हे सांगायचे कारण असे, की एखाद्या तळ्यात मासे मेल्याचा व्हिडिओ मोबाइलवर फिरला की दुसऱ्या दिवशी कोळणीच्या टोपलीकडे कोणी फिरकत नाही, आणि तिच्या टोपलीतल्या बांगड्याचा त्या तळ्याशी काडीचा संबंध नसतो. सडलेला मासा खाऊ नये, हे मात्र विषाणू असो वा नसो, खरेच.

आधी पाणी बघा

पहाटे मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करत असतील, मोठे मासे आधी मेले असतील आणि ऊन चढल्यावर उरलेले सावरले असतील, तर पाण्यातला प्राणवायू कमी पडला होता. ढगाळ, वारा पडलेल्या रात्रीनंतर असे होते. शेवाळाने हिरव्यागार झालेल्या तळ्यात तर हमखास. एकाच रात्रीत सगळ्या जातींचे मासे, खेकडे, कोळंबी, बेडकांची पिल्ले सरसकट मेली असतील, तर वरच्या अंगाने कोणते औषध उतरले त्याची चौकशी करा. आपल्याकडे सुपारीच्या वाड्यांत कोळे रोगावर बोर्डो मिश्रण फवारतात आणि त्यातले तांबे माशांना घातक असते. फवारणीनंतर लगेच मोठी सर आली आणि वाडीचे पाणी पाटाने तळ्यात उतरले, तर विषाणूला दोष देण्यात अर्थ नाही. खाजणात उघाडी फुटून पाण्याचा खारटपणा एका भरतीत बदलला, तरी मासे मरतात.

विषाणूची चाल वेगळी असते. बहुधा एकाच जातीला लागण होते, लहान वयाचे मासे आधी लागतात आणि मरणाऱ्यांचा आकडा काही दिवस चढत जातो. अशा वेळी शेजारी सांगतो म्हणून, दुकानदार देतो म्हणून प्रतिजैविकांची पाकिटे तळ्यात ओतली जातात. प्रतिजैविके जिवाणूंवर चालतात, विषाणूंवर नाही. तो खर्च शब्दशः पाण्यात जातो, आणि नंतर तपासणी केली तर ती औषधे चित्र आणखी गढूळ करून ठेवतात.

आता या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. प्राण्याच्या शरीरात विषाणू सापडला म्हणजे त्यानेच प्राण्याला मारले, असे ठरत नाही. १९८८ मध्ये ईशान्य भारतात आणि बंगालमध्ये मरळ, पुंटी अशा माशांच्या अंगावर लाल चट्टे पडून खोल जखमा होऊ लागल्या. हा रोग त्याआधीच जपान, ऑस्ट्रेलिया आणि आग्नेय आशियात दिसलेला होता. आजारी माशांमधून ऱ्हॅब्डोव्हायरस वेगळे काढले गेले होते आणि कितीतरी काळ बोट त्यांच्याकडेच होते. शेवटी खरा कारक ठरला तो ॲफॅनोमायसीस इन्व्हाडान्स नावाचा बुरशीसारखा जीव. रानाव्हायरसची जन्मकथाही अशीच आहे. १९६० च्या दशकात ॲलन ग्रॅनॉफ हे अमेरिकी शास्त्रज्ञ बेडकांच्या मूत्रपिंडातल्या कर्करोगाचा विषाणू शोधत होते. त्यांना हाती लागला ‘फ्रॉग व्हायरस ३’. पुढे कळले की त्या कर्करोगाशी याचा संबंध नाही. तो एका वेगळ्याच हर्पीस विषाणूचा उद्योग होता.

२०१८ मध्ये चीनमधल्या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या ऑस्ट्रेलियन सहकाऱ्यांनी मासे, बेडूक, सरडे, साप, कासवे अशा प्राण्यांतल्या आरएनएचे वाचन करून २१४ नवे विषाणू जगापुढे ठेवले. इन्फ्लुएन्झाचे दूरचे भाऊबंद त्यांना मासे आणि बेडकांतही भेटले. या विषाणूंची वंशावळ ढोबळमानाने प्राण्यांच्या वंशावळीच्या बरोबरीने चाललेली दिसते. म्हणजे कोट्यवधी वर्षे हे एकमेकांच्या सोबतीने राहत आले आहेत. तेव्हा धडधाकट माशातही विषाणू सापडणारच. तो तिथे नुसता राहत होता की रोग करत होता, हे तुमच्या तळ्यातल्या नोंदीशिवाय प्रयोगशाळेला ठरवता येत नाही. वही उघडा म्हणतो ते यासाठी.

जिताड्याचे प्रकरण

रायगडात या विषयाचा पैशाशी थेट संबंध येतो तो जिताड्यामुळे. खाडीतून पकडलेली पिल्ले खाजणातल्या तळ्यात वाढवायची आपली रीत जुनी. आता खाडीत पिल्ले मिळतीलच याची खात्री उरलेली नाही आणि बरेचसे बीज उबवणी केंद्रांतून, बऱ्याचदा पूर्व किनाऱ्यावरून येते. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यसंवर्धन संस्थेने, म्हणजे सीबाने, १९९७ मध्ये जिताड्याचे बंदिस्त प्रजनन साधले; तिथून हा रस्ता खुला झाला. राज्याच्या कांदळवन कक्षाच्या उपजीविका योजनेतही जिताड्याचे पिंजरे आहेत.

जिताड्याच्या पिल्लांचा वैरी म्हणजे बीटानोडाव्हायरस. तो मेंदू आणि डोळ्याचा पडदा पोखरतो. पिल्लू काळपट पडते, खाणे सोडते, गिरक्या घेत पोहते, कधी पोट वर करून तरंगते. अगदी लहान पिल्लांची अख्खी टाकी यात जाऊ शकते. मोठा मासा मात्र बरेचदा लक्षण न दाखवता विषाणू बाळगतो आणि मादीकडून तो अंड्यांवाटे पुढे जातो. म्हणून गोम बिजात आहे, तुमच्या तळ्यात नव्हे.

या विषाणूचा सगळा मजकूर आरएनएच्या दोन तुकड्यांत लिहिलेला असतो: एक सुमारे ३,१०० अक्षरांचा, दुसरा सुमारे १,४०० अक्षरांचा. दुसऱ्या तुकड्यात विषाणूच्या कवचाचे प्रथिन नोंदलेले असते आणि तपासणी बहुधा त्याचीच होते. त्याच तुकड्यातल्या फरकांवरून या विषाणूंचे चार मुख्य प्रकार पाडले आहेत. भारतातल्या जिताड्यात भेटणारा प्रकार कोमट पाण्यातला, साधारण २५ ते ३० अंशांत जोमाने वाढणारा. म्हणजे आपल्या खाजणात तो वर्षातला बराच काळ सुखात असतो. सीबाने या रोगावर लसही तयार केली आहे.

बीज घेताना विक्रेत्याकडे ‘व्हीएनएन’ची, म्हणजे याच रोगाची, आरटी-पीसीआर तपासणी केल्याचा दाखला मागा. नुसता दाखला बघून मान डोलावू नका. तो तुम्ही घेत असलेल्या खेपेचा आहे की मागच्या महिन्यातला, नमुन्यात किती पिल्ले एकत्र करून तपासली, कोणत्या प्रयोगशाळेने तपासली, हे त्यावर असले पाहिजे. चार पिल्ले तपासून चाळीस हजारांची हमी देणारा दाखला फारसा कामाचा नाही. बीज आणल्यावर दोन-तीन आठवडे ते वेगळ्या हापात ठेवा आणि त्या हापाची जाळी, बादली, भांडी जुन्या तळ्याकडे नेऊ नका. तिलापियावाल्यांनीही हेच करावे. तिलापिया लेक व्हायरस हा दहा तुकड्यांचा आरएनए विषाणू इस्राएलमधल्या मरतुकीमुळे २०१४ मध्ये ओळखला गेला आणि २०१८ मध्ये भारतातूनही त्याची नोंद झाली. कुठून तरी स्वस्तात मिळाले म्हणून तिलापियाचे बीज आणण्याचे दिवस संपले आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

नमुना कसा घ्यावा

मासे मरायला लागल्याचे दिसताच वहीत लिहा: तारीख, वेळ, तळ्याचे ठिकाण, कोणती जात, साधारण किती वयाचे, किती मेले, किती आजारी, बीज कधी आणि कुठून आणले, पाण्याचे तापमान आणि खारटपणा, गेल्या आठवड्यातला पाऊस, टाकलेले खाद्य आणि औषधे. रोज मेलेल्यांचा आकडा वेगळ्या ओळीत. मोबाइलवर आजारी माशाच्या पोहण्याचा व्हिडिओ घ्या. गिरक्या शब्दांत सांगता येत नाहीत.

मग प्रयोगशाळेला फोन करा, आणि फोन केल्याशिवाय काहीही कापू नका. प्रत्येक प्रयोगशाळेची मागणी थोडी वेगळी असते.

सर्वांत मोलाचा नमुना म्हणजे मरायला टेकलेला, पण अजून जिवंत मासा. मरून फुगलेल्या, डोळे पांढरे पडलेल्या माशात आरएनए सडून गेलेला असतो आणि जिवाणूंची जत्रा भरलेली असते. आजारी मासे पाच-सहा तरी घ्या आणि त्याच तळ्यातले दोन-तीन धडधाकट दिसणारेही वेगळ्या पिशवीत घ्या. हे दुसरे लोक हटकून विसरतात. धडधाकट माशातही तोच विषाणू तितकाच निघाला, तर निष्कर्ष बदलतो.

प्रयोगशाळा एका दिवसाच्या अंतरावर असेल तर मासे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून थर्माकोलच्या पेटीत बर्फात पाठवावेत. पिशवीत पाणी भरू नये, मासा थेट बर्फावर ठेवू नये. त्याहून उशीर होणार असेल तर अवयवांचे तुकडे ९५ टक्के किंवा त्याहून तीव्र इथेनॉलमध्ये ठेवतात. तुकडा अर्ध्या सेंटिमीटरहून जाड नको आणि इथेनॉल तुकड्याच्या दहापट हवे. नोडाव्हायरसचा संशय असेल तर मेंदू आणि डोळे, रानाव्हायरस किंवा त्याच्या कुळातल्या इतरांचा असेल तर मूत्रपिंड आणि प्लीहा, तिलापिया लेक व्हायरसचा असेल तर यकृत आणि मेंदू. बोटाच्या पेरापेक्षा लहान पिल्ले अख्खीच चालतात. हे काम शिकलेल्या माणसाने करावे. ते जमणार नसेल तर बर्फाची पेटी उत्तम.

फॉर्मेलिनबद्दल स्पष्ट सांगायला हवे. कॉलेजच्या बरण्यांमुळे आपल्याला वाटते की मेलेला प्राणी म्हणजे फॉर्मेलिन. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी बघायच्या असतील तर ते हवेच, पण डीएनए आणि आरएनए त्यात तुटतात आणि गुंतून बसतात. जनुकीय तपासणीचा नमुना फॉर्मेलिनमध्ये बुडवला की तो बहुतेक वाया गेला. दुकानातले निळे-जांभळे स्पिरिटही टाळा. बाटलीच्या आत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी टाका. बॉलपेनची शाई इथेनॉलमध्ये विरघळते आणि मग सगळ्या बाटल्या सारख्याच.

तिकडे काय होते आणि कागद कसा वाचायचा

प्रयोगशाळेत आधी नमुन्यातून डीएनए किंवा आरएनए वेगळे काढतात. मग ज्या विषाणूचा संशय आहे त्याच्या जनुकाचा एक ठरावीक तुकडा पीसीआरने लाखो पटींनी वाढवतात. रानाव्हायरससाठी हा तुकडा बहुधा कवचाच्या मुख्य प्रथिनाच्या जनुकातला असतो. अख्खे जनुक सुमारे १,४०० अक्षरांचे आणि फ्रॉग व्हायरस ३ चा सगळा जनुकसंच सुमारे १ लाख ६ हजार अक्षरांचा. तुकडा वाढला तर त्यातली अक्षरे वाचतात आणि जगभरच्या नोंदींच्या भांडारात त्याच्याशी जुळणारे कोण ते शोधतात. चेन्नई भागात कोई माशांच्या मोठ्या मरतुकीतून वेगळ्या काढलेल्या रानाव्हायरसचे वर्णन २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले, तेही याच वाटेने.

अहवालात ‘९९ टक्के साम्य’ असे लिहून आले की लोकांना वाटते, काम झाले. थांबा. रानाव्हायरसमध्ये हे जनुक इतके सारखे असते की वेगवेगळ्या जातींचे विषाणूही त्यात थोडेच वेगळे दिसतात. हा विषाणू मुळात कुठला, अमुक खेपेबरोबर आला का, हे विचारायचे असेल तर जास्त जनुके किंवा अख्खा जनुकसंच वाचावा लागतो. आता छोट्या यंत्रांवरही ते होते, पण खर्च आणि वेळ लागतो. दोन तळ्यांच्या मालकाला त्याची गरज क्वचितच पडते. तुम्हाला हवे असलेले उत्तर साधे आहे: आहे की नाही, आणि असेल तर किती. ‘किती’ हे रिअल टाइम पीसीआरमधल्या सीटी आकड्यावरून कळते, आणि तो आकडा जितका लहान, तितका विषाणू जास्त. आजारी माशांत लहान आकडा आणि धडधाकट माशांत मोठा आकडा किंवा काहीच नाही, वर सूक्ष्मदर्शकाखाली मेंदूत किंवा मूत्रपिंडात तशीच बिघाडाची खूण, आणि वहीतला मरतुकीचा आकडा चढता, असे सगळे जुळले की विषाणूवर बोट ठेवता येते.

अहवाल ‘निगेटिव्ह’ आला तर त्याचा अर्थ एवढाच, की ज्याची तपासणी केली तो विषाणू त्या नमुन्यात मिळाला नाही. चुकीचा अवयव, सडका नमुना किंवा भलत्याच विषाणूची तपासणी, यांतले काहीही असू शकते.

बेडूक, साप आणि कासव

इथे कायदा वेगळा आहे. समुद्री कासवे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. संरक्षित प्राण्याचा जिवंत वा मृत नमुना परवानगीशिवाय घेणे हा गुन्हा आहे, मग हेतू कितीही शास्त्रीय असो. महाविद्यालयाच्या प्रकल्पासाठीही वन विभागाची लेखी परवानगी हवी.

आपल्या किनाऱ्यावर विणीला येणाऱ्या ऑलिव्ह रिडले कासवाच्या मानेवर, डोळ्याजवळ किंवा वल्ह्यांच्या बुडाशी फुलकोबीसारख्या गाठी दिसल्या, तर हात न लावता फोटो काढा, मोजमापासाठी बाजूला पट्टी ठेवा आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. अशा गाठींचा रोग मुख्यतः हिरव्या समुद्री कासवांत माहीत आहे, पण रिडलेंतही आढळलेला आहे. १९३८ मध्ये फ्लोरिडातल्या कासवावरून त्याचे पहिले वर्णन झाले. गाठींत एका हर्पीस विषाणूचा डीएनए सापडतो. तो विषाणू अंगात असूनही गाठी नसलेली कासवे भेटतात, त्यामुळे दूषित पाण्यासारखी कारणेही तपासली जातात. जखमी वा आजारी कासवांसाठी डहाणूला उपचार केंद्र आहे. तिथे कसे न्यायचे ते वन विभाग ठरवतो, आपण पाण्यात ढकलून मोकळे व्हायचे नाही.

बेडकांच्या बाबतीत लक्ष ठेवायची वेळ म्हणजे पावसाळ्याचे पहिले दोन महिने. डबक्यातली पिल्ले सुजलेली, पोटाखाली आणि मांड्यांत लाल ठिपके, एकाच डबक्यात डझनावारी मेलेली, असे दिसले तर फोटो, ठिकाण आणि तारीख कळवा. रानाव्हायरसची लागण जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या नोंदणीयोग्य रोगांच्या यादीत आहे, कारण बेडकांच्या व्यापाराबरोबर तो देशोदेशी फिरला. भारताने बेडकांच्या तंगड्यांची निर्यात १९८७ मध्ये बंद केली. कारण वेगळे होते, पण या बाबतीतही ते बरेच झाले. पहिल्या पावसात डराव पकडून खाणाऱ्यांना मी नेहमी सांगतो की तुमच्या भाताचे किडे तोच खातो. ऐकणारे थोडे.

सर्पमित्रांना एकच सांगणे. पाळीव अजगर-बोआंना आकडीसारखे झटके आणणाऱ्या एका जुन्या रोगामागे एरेनाव्हायरस आहे, हे २०१२ मध्ये कॅलिफोर्नियात जनुकवाचनातूनच उघड झाले. एका पिशवीत दोन साप भरू नका, पिशव्या आणि काठी प्रत्येक वेळी धुवा. धुण्यासाठी लिटरभर पाण्यात ३० मिलिलिटर ब्लीच घातलेले द्रावण रानाव्हायरस मिनिटभरात निकामी करते, असे प्रयोगांत दिसले आहे. गमबूट, जाळी, बादल्यांनाही तेच. आधी चिखल काढा, मग द्रावण, मग स्वच्छ पाणी आणि कडक ऊन. हे द्रावण तळ्यात किंवा ओढ्यात ओतू नका. मेलेले मासे खाडीत न टाकता पाण्यापासून दूर खड्डा करून चुन्याखाली पुरा.

कोणाला कळवायचे

विषाणू म्हटले की पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था आठवते, पण ती मुख्यतः माणसाच्या रोगांसाठी. माशांसाठी आपल्याला जवळची ठिकाणे म्हणजे मुंबईत वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आणि रत्नागिरीत शिरगावचे मत्स्य महाविद्यालय. देशभर जलचरांच्या रोगांवर पाळत ठेवण्याचा कार्यक्रम लखनऊच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या पुढाकाराने २०१३ पासून सुरू आहे. जून २०२३ मध्ये ‘रिपोर्ट फिश डिसीज’ हे मोबाइल ॲपही आले. त्यात फोटो आणि ठिकाण टाकले की माहिती तज्ज्ञांपर्यंत जाते. अलिबागच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयालाही कळवाच, कारण पुढे नुकसानीचा विषय निघाला तर तुमच्या वहीबरोबर सरकारी नोंदही लागेल.

ॲप आजच मोबाइलवर उतरवून ठेवा आणि वर्सोव्याचा व शिरगावचा दूरध्वनी क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहा. आजारी माशाचा नमुना एका दिवसात शिळा होतो, आणि बोर्लीहून मुंबई गाठण्यातच त्यातला अर्धा दिवस जातो.